दर ४२ सेकंदांना एक मालगाडी

आधी एक मालगाडी डोळ्यांसमोर आणा. कोळशाची, भरलेली, फाटकावर आपल्याला ताटकळत ठेवणारी. ५८ वाघिणी, एकेकीत साधारण ६५ टन माल. म्हणजे अख्ख्या गाडीत सुमारे ३,८०० टन. लांबी जवळजवळ साडेसहाशे मीटर. आता तिच्यातला कोळसा उतरवा आणि गाळ भरा. हिमालयाचा गाळ.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ बंगालच्या दिशेनं वाहून नेतात. भागाकार मांडा. वर्षाला २ लाख ६३ हजार मालगाड्या. दिवसाला ७२०. तासाला ३०. दर दोन मिनिटांना एक गाडी, दिवस नाही, रात्र नाही, मेगाब्लॉक नाही. एकाच दिवसाच्या गाड्या एकीला एक जोडून उभ्या केल्या तर रांग होईल सुमारे ४७० किलोमीटरची. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. म्हणजे रांग मुंबईहून पुण्याला जाईल, पुण्याहून परत मुंबईला येईल आणि पुन्हा पुण्याच्या वाटेला लागून नेरळजवळ संपेल. हा झाला एका दिवसाचा माल!

आणि ही सरासरी म्हणजे शुद्ध लबाडी आहे. कारण नदी काही बारा महिने सारखी राबत नाही. हा गाळ जवळजवळ सगळा पावसाळ्यात येतो, ९५ टक्क्यांच्या आसपास. चार महिन्यांचा हिशेब धरला तर दिवसाला दोन हजारांवर गाड्या होतात. दर ४२ सेकंदांना एक! मुंबईची लोकलसुद्धा गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक येते, आणि तीही वेळेवर येईल याची खात्री नाही.

सबंध भारतीय रेल्वे वर्षभरात सुमारे १६० कोटी टन माल वाहते. कोळसा, सिमेंट, लोखंड, गहू, खत, सगळं धरून. बारा लाखांच्या आसपास कर्मचारी, हजारो इंजिनं, हजारो स्थानकं. या दोन नद्या त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश माल ओढतात, आणि इंजिन म्हणून वापरतात फक्त उतार.

पैशात बोलायचं? बोलू. आपल्याकडे माती ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनात साधारण सव्वाचार टन. हिशेबाला सोपं जावं म्हणून ब्रासला हजार रुपये धरा. बागेसाठी माती आणलेल्यांना हा भाव स्वस्तच वाटेल. तरी वर्षाचा गाळ होतो सुमारे २४ हजार कोटी रुपयांचा. मुंबईचा अटल सेतू उभारायला १७,८०० कोटींच्या आसपास खर्च आला. म्हणजे दरवर्षी एक अटल सेतू, वर सहा हजार कोटी सुट्टे. हाच गाळ गोव्यावर पसरला, अगदी पत्रादेवीपासून काणकोणपर्यंत एकही वाडी न सोडता, तर सात इंचांचा थर बसेल. दरवर्षी सात इंच. पाच वर्षांत माणूस कमरेपर्यंत.

अशा नदीनं जमीन बांधायला घेतली तर ती कशी बांधेल?

उत्तरेचं मैदान बघा. सुमारे ७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वादोन महाराष्ट्र. लांबी २,४०० किलोमीटर. ही लांबी-रुंदी भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली असते, खोलीकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. आपल्याकडे विहीर खणायला घेतली की काय होतं? वरची माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि पाषाण लागला की सुरुंग. पन्नास फुटांची विहीर म्हणजे चांगली खोल. गंगेच्या मैदानात खडक लागेपर्यंत खणायचं ठरवलं तर? गाळाची जाडी कित्येक ठिकाणी हजार ते दोन हजार मीटर. दोन हजार मीटर म्हणजे साडेसहा हजार फूट. पन्नास फुटांच्या १३० विहिरी एकीखाली एक! कळसूबाई उचलून त्या खड्ड्यात सोडली तर शिखर दिसणार नाही. वर आणखी साडेतीनशे मीटर गाळ चढेल. सगळं रेती, पोयटा आणि चिकणमाती. भारतीय भूखंड आशियाला जाऊन धडकला त्याला सुमारे पाच कोटी वर्षं झाली. एका बाजूला डोंगर वर येत राहिला, पायथ्याशी जमीन खाली दबत राहिली आणि दबलेला खड्डा नद्या भरत राहिल्या. हे नेमकं कसं घडतं ते भूवैज्ञानिकांवर सोपवू, आपण आकडे मोजू.

भरणाऱ्या नदीला घाई असती तर हे जमलं नसतं. हरिद्वारची उंची ३१४ मीटर. तिथून समुद्र दोन हजार किलोमीटरहून लांब. म्हणजे किलोमीटरला उतार जेमतेम १४-१५ सेंटीमीटर, एक वीतसुद्धा नाही. आपली भोर घाटातली गाडी ३७ मीटर धावते तेव्हा एक मीटर उतरते. तिला ३१४ मीटर उतरायला बारा किलोमीटरही लागणार नाहीत. जे काम घाटात मंकी हिलचा वारा खात उरकतं, त्याला गंगा दोन हजार किलोमीटर घेते. आणि नदी संथ झाली की हातातलं ओझं खाली टाकते. आधी गोटे, मग रेती, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. डोंगराच्या पायथ्याशी भरड आणि बंगालात पिठासारखी. सगळी चाळणी उतारानं केलेली.

ओझं टाकून टाकून पात्र भरलं की नदी सरळ कूस बदलते. कोशी या कलेत सगळ्यांची गुरू. पहिले बाजीराव १७३७ साली दिल्लीवर धडकले त्या सुमारास कोशी पूर्णिया शहराजवळून वाहत होती. मग ती पश्चिमेला सरकू लागली. आज एक पात्र भरलं, उद्या शेजारचं धरलं, असं करत दोन-सव्वादोनशे वर्षांत सुमारे १२० किलोमीटर. मुंबई ते पुणे आकाशमार्गे अंतर मोजा, साधारण एवढंच भरेल. कल्पना करा, पणजोबांच्या पणजोबांनी पुण्यात जिच्या घाटावर अंघोळ केली ती मुठा आज गिरगावातून वाहते आहे! बरं, तिथे पोहोचून तरी स्वस्थ बसावं? १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहा इथे बांध फुटला आणि कोशीनं जवळजवळ १२० किलोमीटर पूर्वेकडे, आपल्या जुन्या वाटांवर उडी घेतली. जायला दोन शतकं, यायला काही दिवस. बिहारमधली तीस लाखांहून अधिक माणसं त्या परतीच्या वाटेत सापडली. या आकड्याला टाळी वाजवता येत नाही.

नदी जिथून उठून गेली तिथे माती मागे राहते आणि तिचं वय सुरू होतं. भूवैज्ञानिकांनी मैदानातल्या मातींची वयं लावली आहेत. सगळ्यांत तरुण पाचशे वर्षांच्या आतल्या, म्हणजे बाबर आणि इब्राहिम लोदी पानिपतावर लढले तेव्हा ज्या जन्मल्याही नव्हत्या अशा. सगळ्यांत म्हाताऱ्या दहा हजारांच्या पुढच्या. नदीकाठच्या सखल, दर पुरात नव्यानं लिंपल्या जाणाऱ्या जमिनीला तिथला शेतकरी खादर म्हणतो, आणि पुराच्या पल्ल्याबाहेर उंचावर राहिलेल्या जुन्या जमिनीला बांगर. एकाच गावात दोन्ही असतात. मधे उंचीचा फरक काही मीटरांचा, वयाचा फरक हजारो वर्षांचा.

आता वरून पाऊस. मैदानाच्या पश्चिम टोकाला, हरियाणाच्या कोरड्या भागात, वर्षाला ४५० मिलिमीटरच्या आसपास. कोलकात्याकडे १,६०० च्या वर. मिलिमीटरमध्ये सांगितलं की कुणाला काही वाटत नाही, म्हणून टँकरमध्ये सांगतो. दहा हजार लिटरचा टँकर धरा. पश्चिमेच्या एका एकरावर आभाळ वर्षाला १८० टँकर ओततं, पूर्वेच्या एका एकरावर साडेसहाशे. हजार वर्षांत फरक पडतो पावणेपाच लाख टँकरांचा, एका एकरामागे! पूर्वेकडे एवढं पाणी मातीतून झिरपत जातं की चुना विरघळून वाहून जातो आणि माती आंबट होते. पश्चिमेकडे पाणी दोन-चार फूट उतरतं आणि उन्हानं आटून जातं. विरघळलेला चुना तिथेच अडकून त्याचे खडे होतात. बांगराची तुटलेली दरड जवळून पाहिली तर ते सहज दिसतात. पिवळसर मातीत रुतलेले, आल्याच्या गाठीसारखे वेडेवाकडे, राखाडी-पांढरे. नखानं खरवडले तर पांढरी भुकटी निघते आणि आम्ल टाकलं तर फसफसतात. यालाच कंकर म्हणतात. गावोगावच्या जुन्या इमारतींचा चुना याच कंकराच्या भट्ट्यांतून आला. हजारो वर्षांच्या अपुऱ्या पावसाची ही शिल्लक, मुठीत मावणारी.

मुठीचं निघालंच आहे तर चिमटीतही डोकावू. चिकणमातीचा कण दोन हजारांश मिलिमीटरहूनही लहान. एका ग्रॅममध्ये असे हजारो कोटी कण बसतात. गंगेच्या गाळात अभ्रकाच्या घराण्यातली चिकणमाती जास्त. तिच्या एका ग्रॅममधल्या कणांचे पृष्ठभाग उलगडून अंथरले तर सुमारे १०० चौरस मीटर भरतात. पाचशे चौरस फुटांचे दोन फ्लॅट, एका चिमटीत! आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याची, बसाल्ट कुजून झालेली काळी माती? तिच्यातली फुगणारी चिकणमाती ग्रॅमला ७०० चौरस मीटरपर्यंत जाते. पंधरा फ्लॅट. उगाच नाही ती पावसात बूट ओढून घेत आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडत.

पाऊस तरी कायम सारखा कुठे होता? सुमारे ११ हजार ते ७ हजार वर्षांपूर्वीच्या काळात मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच जोरकस होता. दोन अमेरिकी भूवैज्ञानिकांनी २००० साली बंगालच्या त्रिभुज प्रदेशातला गाळ मोजून अंदाज मांडला की त्या काळात नद्या आजच्या किमान २.३ पट गाळ आणत होत्या. एखाद-दुसरं वर्ष नाही, जवळजवळ चार हजार वर्षं. आपल्या पावसाळी मालगाड्यांचा हिशेब तिथे लावा. दर १८ सेकंदांना एक, चार हजार पावसाळे! एकूण माल ९ लाख कोटी टनांच्या वर. तो महाराष्ट्रावर पसरला तर, नंदुरबार ते सिंधुदुर्ग आणि पालघर ते गडचिरोली, वीस मीटरचा थर. सहामजली इमारत गच्चीसकट गडप.

असा सगळा कारभार आभाळ आणि उतार यांच्या हातात होता. मग त्यात शेतकरी आला.

आला तो लाकडी नांगर घेऊन, आणि कित्येक हजार वर्षं त्याचे आकडे या आकड्यांपुढे किरकोळच होते. खरी उडी बसली कालव्यांपासून. १८५४ साली हरिद्वारहून गंगेचा मोठा कालवा सुटला. पाणी गोड, पिकं जोमदार, सगळे खूश. पण गोड पाण्यातही मीठ असतं. लिटरमागे ०.३ ग्रॅम म्हणजे पिताना जिभेला कळणारही नाही. आता एका एकराला वर्षभरात एक मीटर पाणी पाजा. भात-गव्हाच्या जोडीला ते जास्त नाही. पाणी उडून जातं, मीठ शेतात बसतं. किती? बाराशे किलो! दर एकरी, दर वर्षी, पन्नास किलोची २४ पोती. निचरा नसेल तर शंभर वर्षांत मिठाच्या दोन भरलेल्या वाघिणी एका एकरात उभ्या. उत्तर प्रदेशात अशा मेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या जमिनीला ऊसर म्हणतात, वरच्या पांढऱ्या थराला रेह. देशात क्षारांनी बिघडलेली जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर, म्हणजे १८ गोवे. सगळी काही कालव्यांची करणी नाही, कोरड्या हवेचाही तिच्यात मोठा हात आहे. १९६९ साली कर्नालला अशी जमीन सुधारण्यासाठी केंद्रीय संस्था उभी राहिली आणि जिप्समच्या जोरावर लाखो हेक्टर पुन्हा पिकाखाली आले. एकरी पाच-सहा टन जिप्सम पसरायचा, बांध घालायचा, पाणी कोंडायचं, पहिलं पीक भाताचं घ्यायचं.

आपण लांबून हळहळायचं कारण नाही. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठी उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं आहेतच, आणि अकोला-अमरावतीकडचा पूर्णेचा खारपाणपट्टा तर मुळातूनच खारा. तिथे बिचाऱ्या नदीनं आणलेली चिकणमातीच इतकी घट्ट की मीठ खाली उतरायला वाट नाही.

जमिनीखालच्या पाण्याच्या उपशाचा आकडा तर बसून वाचा. सिंधू-गंगेच्या गाळात, फक्त वरच्या २०० मीटरांत, सुमारे ३० हजार घन किलोमीटर पाणी साठलेलं आहे. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ ३ घन किलोमीटर. दहा हजार कोयना! कणाकणांच्या मधल्या फटींत लपलेल्या! त्यातलं अर्ध्याहून जास्त खारं किंवा आर्सेनिकनं नासलेलं, ही गोष्ट वेगळी. उरलेल्याचं आपण काय करतो? २००२ ते २००८ या सहा वर्षांत पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांच्या पोटातून १०९ घन किलोमीटर पाणी कमी झाल्याचं उपग्रहांनी आकाशातून मोजलं. ३६ कोयना. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट पाण्याची विहीर धरली तर ३१ कोटी विहिरी. देशात साधारण तेवढीच घरं असतील. घरटी एक तुडुंब विहीर, सहा वर्षांत फस्त.

नदीला बांध घालण्यातही आपण कमी नाही. १९५४ च्या सुमारास बिहारमध्ये नदीकाठचे बांध होते १६० किलोमीटर. आज ३,७०० च्या वर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ३९ वेळा! आणि पुराच्या छायेतली जमीन? २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाखांवर गेली. बांध वाढले आणि पूरही वाढला, कारण जो गाळ पूर्वी रानोरान पसरायचा तो आता दोन बांधांमध्ये कोंडला जातो, पात्र वर उचललं जातं आणि बाहेरची शेतं नव्या मातीविना राहतात.

आणि विटा! देशात वर्षाला २० हजार कोटींहून अधिक विटा भाजल्या जातात. एकापुढे एक मांडल्या तर साडेचार कोटी किलोमीटर, चंद्रापर्यंत ६० वेळा जाऊन येता येईल. तीन किलोची वीट धरली तर ६० कोटी टन माती. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश विटा याच मैदानातल्या. म्हणजे ४० कोटी टन, नांगराच्या थराच्या हिशेबानं साडेचार लाख एकरांची वरची कमाई, दरवर्षी भट्टीत. बघा, माणूस आता नदीच्या बरोबरीनं आकडे टाकू लागला! नदी १०० आणते, आपण ४० भाजून भिंतीत चिणतो.

तरीही मोठा डाव नदीचाच. त्या १०० कोटी टनांच्या ढोबळ तीन वाटण्या होतात. एक मैदानात आणि त्रिभुज प्रदेशात मुरते, एक किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात बसते, आणि तिसरी समुद्रतळावरच्या एका प्रचंड घळीतून आणखी खोल घसरत जाते. तिथे, पाण्याखाली, हिमालयाचं दुसरं मैदान पसरलंय. बंगालचा पंखा म्हणतात त्याला. लांबी ३,००० किलोमीटर, जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी. क्षेत्रफळ भारताच्या तोडीचं. आणि जाडी? जास्तीत जास्त १६ किलोमीटरच्या पुढे. सीएसएमटी ते कुर्ला हे अंतर आडवं न धरता उभं धरा. एव्हरेस्ट त्यात बुडवलं, तरी त्याच्या डोक्यावर सात किलोमीटर गाळ चढेल. एकूण घनफळाचा एक अंदाज सव्वा कोटी घन किलोमीटरांचा आहे. तेवढा माल भारतभर सारखा पसरला तर प्रत्येक गाव, प्रत्येक शहर पावणेचार किलोमीटर गाळाखाली. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर अर्धा किलोमीटर उरतो!

हा पंखा श्रीलंकेला बाजूला टाकून पुढे जातो, विषुववृत्त ओलांडतो आणि ७ अंश दक्षिणेपर्यंत पोहोचतो. १९८७ साली एका संशोधन जहाजानं श्रीलंकेच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्याही पलीकडे, तळाला भोकं पाडली तर तिथून हिमालयाचा गाळ वर आला, १ कोटी ७० लाख वर्षांपर्यंत जुना. गंगोत्रीपासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत चार हजार किलोमीटरहून जास्त. मुंबई-पुणे रस्त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस फेऱ्या, आणि वाटेत एकही टोलनाका नाही.